मागची गादी

१

ब्राह्मणपुरीत कोणाला बैल घ्यायचा असला, की तो आधी रूपचंद पाटलाकडे चहाला यायचा. रूपचंद बैलाचा ओठ वर करून दात पाही, शेपटीचा गोंडा चाचपी, खूर उचलून तळाशी अंगठा फिरवी, आणि जनावर कोणत्या मातीत राबलं, मालक मारकुटा होता की मायाळू, हे घडाघडा सांगून मोकळा होई. त्यातलं निम्मं खरं निघे आणि उरलेलं निम्मं लोक विसरून जात, त्यामुळे त्याचं नाव कधी खाली आलं नाही. असा हा पारखी माणूस त्या साली माघात, एकट्या पडलेल्या बैलाला जोडीदार आणायला खांद्यावर कोरं दावं टाकून तळोद्याच्या बाजाराला गेला आणि परत आला तो फटफटीवर बसून.

दोष त्याचा एकट्याचा नव्हता. बाजाराच्या कडेला लिंबाखाली ती उभीच होती. काळी, लढाईच्या वेळची, विलायती. तिच्याशेजारी दिलवरसिंग. सातपुड्यात लाकडाच्या ठेक्यावर देखरेख करणारा हा माणूस. मिशा मोठ्या आणि आवाज मिशांहून मोठा.

रूपचंदला फटफटी मिरवायला हवी होती, खोटं कशाला बोला? पण त्याहून मोठं कारण घरात होतं. त्याची बायको सरलाबाई कोरीटची, आईबापांची एकुलती एक. बाप गेल्यापासून आई, तापीबाई, तिथे एकटी राहत होती, आणि आता तिची नजरही अधू झाली होती. कोरीट तापीच्या पलीकडे. बैलगाडीने जायचं म्हणजे एक दिवस जाण्यात, एक येण्यात, आणि तोवर केळीला पाणी कोणी द्यायचं? गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणालासुद्धा, सरलाबाईला माहेरी जायला जमलं नव्हतं. खानदेशात आखाजीला माहेर न मिळालेल्या बाईचं दुःख काय असतं, ते तिच्या नवऱ्याला विचारावं. म्हातारीला इकडे या म्हटलं, तर तिचं एकच पालुपद: "मी एकली कशी येऊ?"

तेव्हा रूपचंदने बैल पारखावा तशी फटफटी पारखायला घेतली. आधी मीटर पाहिलं. मैलांचे आकडे सगळे नऊच नऊ होत आले होते.

"भाऊ, हाई तर म्हातारी शे," तो म्हणाला.

"म्हातारी कसानी!" दिलवरसिंग गरजला. "आखो जराशी चालू द्या, सर्वा शून्य व्हई जाई. मंग नवी कोरी!"

या युक्तिवादावर बाजारातले चारजण हसले, रूपचंदही हसला आणि खाली वाकला. जनावर खोटं बोलत नाही, खूर सांगतात. फटफटीचे खूर म्हणजे पायदानं. चालवणाऱ्याच्या पायाखालची दोन्ही रबरं चांगली होती, वरच्या रेघासुद्धा शाबूत. मागच्या उजव्या पायदानाला तर पायच लागलेला नव्हता. पण मागचं डावं पायदान झिजून झिजून पार लोखंडावर आलं होतं, आणि ते लोखंडही एका बाजूने पातळ, गुळगुळीत झालेलं. बाई एका अंगाला दोन्ही पाय सोडून बसते तिथे. मागची गादीही खोल दबलेली. पुढची मात्र अजून चार वर्षं जाईल अशी.

म्हणजे चालवणारा थोडे मैल बसला होता आणि मागचं माणूस जास्त. असं कुठे असतं?

"मांगे कोन बसे?" रूपचंदने विचारलं.

"कोनीच नही. मन्हं लगनच नही व्हयेल, भाऊ. एकला जीव," दिलवरसिंग म्हणाला. एवढंच तो हळू आवाजात बोलला.

बैलाचा रिवाज असा, की इसार देऊन जनावर घरी न्यावं, पुढच्या बाजारापर्यंत जुंपून पाहावं, नाही पटलं तर परत आणून बांधावं. फटफटीचाही सौदा तसाच ठरला. आणि रिवाज असाही आहे, की विकणारा आपलं दावं कधी देत नाही. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. रूपचंदच्या खांद्यावर कोरं दावं होतंच. पण दिलवरसिंगने मागच्या गादीभोवती गुंडाळलेलं जुनं, हातांनी काळं पडलेलं अंबाडीचं दावं सोडलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हाई बी लई जा."

"तुमनं दावं तुम्ही ठेवा ना. रिवाज शे."

"फटफटीले कसाना रिवाज? सामान बांधाले व्हई."

रूपचंदलाही ते पटलं. यंत्राला कसली आली लक्ष्मी? त्याने दावं घेऊन कॅरियरला अडकवलं. बैलाच्या बाबतीत ही चूक त्याच्या हातून जन्मात झाली नसती.

२

गावात फटफटी शिरली तेव्हा कोंबड्या छपरावर गेल्या आणि माणसं रस्त्यावर आली. सरलाबाई तांब्यात पाणी आणि ताटात हळदकुंकू घेऊन दारात उभी राहिली. बैल आणतोय म्हणून सकाळपासून तिची तयारी होती. समोर बैलाऐवजी हे धूड पाहून ती क्षणभर थांबली, मग तिने पुढच्या चाकावर पाणी घातलं, दिव्याला कुंकू लावलं आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली, की ताटातली हळद सांडली.

"हाई चारा काय खास?" तिने विचारलं.

"तेल पेस. आनि रविवारले तुले कोरीटले लई जास. सकाळमा जावो, संध्याकाळले परत."

सरलाबाईचं हसू थांबलं. तिने ताट खाली ठेवलं, आणि ती पदराने फटफटीच्या टाकीवरची धूळ पुसायला लागली. टाकी चकचकीत झाली तरी ती पुसतच राहिली.

त्या दिवशी रूपचंदने गावाला चकरा मारल्या. शाळेपर्यंत, मळ्यापर्यंत, उगाच विहिरीपर्यंत. काय सांगावी मजा! वाऱ्याने टोपी उडाली तर त्याने ती उचललीसुद्धा नाही. जन्मभर बैलाच्या शेपटीमागून जग पाहिलेल्या माणसाला पुढे काहीच नसलेला रस्ता पहिल्यांदा दिसत होता.

फक्त एक आवाज होता. घरी येऊन तो उतरला, की त्याच्या गादीच्या स्प्रिंगा वर यायच्या: कुर्र. मग तो स्टँड लावायचा, धोतर झटकायचा. आणि मग, सावकाश, मागच्या गादीच्या स्प्रिंगा वर यायच्या. कुर्र.

पहिल्यांदा त्याचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्यांदा वाटलं, जुन्या स्प्रिंगा, आळशी झाल्या असतील. तिसऱ्यांदा तो उतरल्यावर मुद्दाम वळून पाहत उभा राहिला. दबलेली गादी उन्हात तशीच दबलेली होती. तो पाहत होता तोवर ती काही वर आली नाही. तो कंटाळून घरात वळला, उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि मागून आवाज आला.

जणू त्याने पाठ फिरवायची वाट पाहिली होती, मर्यादशील बाईने पाहावी तशी.

३

चुनीलाल हा रूपचंदचा चुलतभाऊ. गावातलं पाण्याचं इंजिन तोच चालवायचा, म्हणून यंत्रांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. पोट सुटलेला, तोंडाचा फटकळ आणि मनाने लोण्यासारखा. रूपचंदने त्याला स्प्रिंगांचं सांगितलं. चुनीलालने गादी दाबली, सोडली, दाबली, सोडली. दर वेळी ती टणकन वर आली.

"स्प्रिंगा मस्त शेतस. तुन्हं डोकं जुनं व्हयनं," असा निकाल देऊन तो मागे बसला. "चाल, माले एक चक्कर मार."

दोघे मळ्याच्या वाटेला लागले. थोडं गेल्यावर चुनीलाल पुढे सरकला. आणखी थोडं गेल्यावर इतका पुढे सरकला, की रूपचंद टाकीवर चढायच्या बेतात आला.

"मांगे सरक ना भो! तुन्हं पोट मन्हा पाठमा घुसनं!"

"कोठे सरकू? जागा कोठे शे?" चुनीलाल ओरडला, आणि ओरडता ओरडता मागे वळला. मागे रिकामं होतं. त्याच्या पाठीमागे चांगली वीतभर गादी मोकळी होती. तो पुन्हा पुढे पाहू लागला. मग म्हणाला, "थांबाड. मी पायी येस."

एवढा जड माणूस, पण केळीच्या बागेतून तो जवळजवळ पळत घरी गेला. नंतर विचारलं तर म्हणाला, पाठीला कळ आली होती.

रूपचंद हा विचारी माणूस होता. त्याने मनाशी हिशेब मांडला. चुनीलाल आहेच पुढे कलंडणारा. स्प्रिंगा आहेतच जुन्या. राहिलं पायदान. ते रस्त्यावरच्या खड्यांनी झिजलं असेल, धुराच्या नळीने तापून रबर गळलं असेल. नळी उजवीकडे होती आणि झिजलेलं पायदान डावीकडे, पण एवढ्यासाठी कोणी भुतावर विश्वास ठेवत नाही. तरी मनाची खातरी म्हणून त्याने सायकलच्या नव्या ट्यूबचा तुकडा कापला, डाव्या पायदानावर ताणून बसवला, तारेने घट्ट आवळला, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात एकटाच तापीकाठच्या प्रकाशा गावापर्यंत जाऊन आला.

वाटेत हरभरा घाट्यांवर आला होता, दादर ज्वारीची कणसं डुलत होती, आणि तो मोठ्याने गात होता. गाणं त्याला येत नव्हतं, म्हणून जे येत होतं ते. एका वळणावर त्याला वाटलं, आपण गप्प झालो की गाडी जड होते आणि गायला लागलो की हलकी. त्याने दोनदा करून पाहिलं. मग तो घरापर्यंत गातच आला.

अंगणात उतरून त्याने पायदान पाहिलं. तार जागेवर होती. रबर मधोमध फाटून दोन्हीकडे लोंबत होतं, आणि खालचं लोखंड नुकतंच पुसल्यासारखं चमकत होतं.

४

"गाडी परत करस," त्याने जेवताना सांगितलं.

सरलाबाईच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. आईसाठी तिने तीळगुळाच्या वड्या करून ठेवल्या होत्या, स्वतःला नेसायला नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

"कसाले?"

"मैल भलता व्हयनात. म्हातारी शे गाडी."

"मन्ही माय बी म्हातारी शे," ती म्हणाली. "तिना मैल कोन मोजस? आज शे, उद्या नही. दोन बोटं समोर धरी तर तिले दिसत नही, आनि तुम्ही माले मीटर दाखाडतस?" तिचा आवाज भरून आला. तिने भाकरी उलटली, ती जळली होती. "रविवारले लई जास, असं तुम्हीच बोलनात. मी सर्वा गल्लीले सांगी बसनू."

रूपचंदला बायकोचं रडणं सोसत नसे. तो खोटं बोलण्यातही कच्चा होता. त्याने एका दमात सगळं सांगितलं: स्प्रिंगा, चुनीलाल, रबर. सांगताना त्यालाच कसंतरी वाटलं. आता ही किंचाळेल, नाहीतर हसेल, अशी त्याने तयारी ठेवली होती.

सरलाबाईने दोन्ही केलं नाही. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"बाई शे का बुवा?" तिने विचारलं.

"आं?"

"डावं पायदान झिजेल शे म्हनतस. एक अंगले बसस. म्हनजे बाई शे."

"व्हई... बाईच व्हई."

"मंग काय भेवानं?" तिने जळकी भाकरी बाजूला टाकली आणि नवी थापायला घेतली. "बाई शे ते सरकी."

५

रविवारी सकाळी ब्राह्मणपुरीने पाहिलं ते असं: रूपचंद पाटील फटफटीवर ताठ बसलेला, चेहरा लग्नाच्या घोड्यावर बसवल्यासारखा. कॅरियरवर तापीबाईसाठी केळीचा भलामोठा घड, दिलवरसिंगच्या त्या जुन्या दाव्याने करकचून बांधलेला. आणि नवं हिरवं लुगडं नेसलेली सरलाबाई फटफटीशेजारी उभी. चुनीलाल लांबूनच, आपल्या इंजिनामागून पाहत होता.

सरलाबाईने पदर खोचला, रिकाम्या गादीकडे पाहिलं, आणि शेजारणीशी बोलावं तशा सुरात म्हणाली, "सरक वं बहिन थोडं. माले बी मायकडे जावानं शे."

कुर्र.

रूपचंदने ते ऐकलं. त्याच्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. सरलाबाई मात्र टुणकन चढून बसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चाला. जागा व्हयनी."

आणि मग? मग तो प्रवास त्यांच्या संसारातला सगळ्यात सुखाचा प्रवास झाला. सरलाबाई सारा वेळ बोलत होती. हे शेत कोणाचं, या गावात मावशी कशी पडली, त्या वडाखाली लहानपणी गाडीचं चाक कसं निघालं. रूपचंदला वाऱ्यात निम्मं ऐकू येत नव्हतं, पण ती थांबत नव्हती. अधूनमधून कोणाला तरी समजावून सांगावं तसं एखादं वाक्य पुन्हा सांगत होती. गाडी भरून वाहणाऱ्या पाटासारखी चालली होती. एकदा त्याने मान वळवून विचारलं, "कोनसंगे बोलस?" ती म्हणाली, "तुमनासंगेच!" आणि खळखळून हसली. त्या हसण्यात एकच आवाज होता, हे त्याने नीट ऐकून घेतलं.

प्रकाशाला गोवाल नावाड्याने फटफटी नावेवर चढवली. पाणी निवळशंख होतं. नाव एका अंगाला कलली तसं गोवाल म्हणाला, "भाऊ, तुमनी गाडी भलती जड शे."

कोरीटला तापीबाई ओट्यावर बसली होती. फटफट आवाज आला तशी उठून, हात पुढे धरून अंगणात आली. सरलाबाईने गाडी थांबायच्या आधी उडी टाकली. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. म्हातारी लेकीचं तोंड हातांनी चाचपत होती, "मन्ही आंडेर उनी, मन्ही आंडेर उनी" म्हणत शेजाऱ्यांना हाका मारत होती. रूपचंदने घड उतरवून ओसरीवर ठेवला आणि डोळ्यांत गेलेली धूळ पुसली.

दिवस कसा गेला कळलं नाही. भरीत झालं, कळण्याच्या भाकरी झाल्या, जावयाला आग्रह झाला. निघताना म्हातारी दारात उभी राहिली. दर वेळी ती लेक जाताना रडायची. आज हसत होती.

"माय, चाल ना आमनासंगे," सरलाबाईने सवयीने विचारलं.

"एकली कशी येऊ?" म्हातारीही सवयीने म्हणाली. मग थांबली आणि मान तिरकी करून घरातला कसलासा आवाज ऐकू लागली.

६

परतीच्या वाटेवर सरलाबाई म्हणाली, "आज कशी ऐसपैस जागा शे." गोवालची नाव या खेपेला सरळ तरंगत आली. ब्राह्मणपुरी दिसू लागली तेव्हा रूपचंदला मीटरवर काहीतरी हलताना दिसलं. त्याने गाडी थांबवली. सगळे नऊ वर सरकत होते. दोघांनी डोकी जवळ आणून पाहिलं. शून्य, शून्य, शून्य, नुसती शून्यं.

"नवी कोरी!" रूपचंद ओरडला आणि रस्त्यात नाचला. सरलाबाईने उरलेली वडी मोडून अर्धी त्याच्या तोंडात घातली, अर्धी पुढच्या चाकाला दाखवून आपण खाल्ली. घरी येऊन तो उतरला. पुढची गादी वर आली. तो उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला, पाठ फिरवून. मागून आवाज आला नाही. आलाच नाही.

पुढच्या बाजाराला तो शीळ घालत तळोद्याला गेला. लिंबाखाली दिलवरसिंग होता. त्याने फटफटी लांबून येताना पाहिली तेव्हा तोंड वळवलं. परत करायला आलाय, असं वाटलं असावं. पण रूपचंदने सौद्याचे उरलेले पैसे त्याच्या हातात ठेवले आणि दोघांनी बाजाराच्या रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या तोंडात गूळ घातला.

"गाडी एकदम हलकी शे," रूपचंद म्हणाला.

दिलवरसिंगने मागच्या गादीकडे पाहिलं. मग गाडीला एक चक्कर मारली.

"दावं कोठे शे?"

"दावं? ते सासूकडे ऱ्हायनं. केळीना घड बांधेल व्हता."

"तठे कोन ऱ्हास?"

"सासूच. एकलीच ऱ्हास."

तो मोठ्या आवाजाचा माणूस खाली लिंबाच्या बुडख्याशी बसला.

"म्हातारी बोलकी शे का?" त्याने विचारलं.

"भलती."

"मंग बरं शे. मांगे बसस तिले बोलेल आवडस." त्याने फेट्याच्या टोकाने तोंड पुसलं. "जंगलमा मी रोज बोलू. मन्हं बालपन सांगं, जत्रा सांग्यात, झाडंसुद्धा सांगात. सर्व सांगाई गयं, भाऊ. मंग मी चूप व्हयनू. चूप व्हवानं नही. सासूले सांगा."

"चूप व्हयनं ते काय व्हस?"

दिलवरसिंग उठला. तो तडक बाजारात शिरला. जाताना रूपचंदला पहिल्यांदाच दिसलं, की हा धिप्पाड माणूस चालताना उजवा खांदा उचलून धरतो आणि डावा खाली दाबलेला असतो. मागे बसलेली बाई आधाराला जिथे हात ठेवते, तो.

७

रूपचंद गाडी कशी हाणत घरी आला ते त्यालाच ठाऊक. सरलाबाईला त्याने एवढंच सांगितलं, की दावं राहिलंय, आणायला जाऊ. तिला माहेरी जायला कारण लागत नव्हतं.

कोरीटला पोचले तेव्हा उन्हं कलायची होती. ओट्यावर म्हातारी नव्हती. अंगण सारवलेलं, लख्ख. अधू नजरेच्या बाईने सारवलेलं अंगण असं एकसारखं निघत नाही. आतून जात्याचा आवाज येत होता, आणि आवाजावर तापीबाईचं बोलणं.

"मायनी दळाले काढं!" सरलाबाई आनंदाने म्हणाली. "वरीसभर तिनाकडथीन जातं फिरे नही." आणि ती चपला काढायला ओट्याशी बसली.

रूपचंद पुढे झाला. बैल पारखणाऱ्या माणसाला जात्याचाही आवाज कळतो. एकटी बाई दळते तेव्हा जातं अर्ध्या फेऱ्यात जड होतं, घरघरत अडतं, पुन्हा सुटतं. समोरासमोर दोघी बसल्या की ते कुठे अडत नाही. हे जातं अडत नव्हतं.

दार अर्धं उघडं होतं. त्याने आत डोकावलं.

तापीबाई जात्याशी बसली होती, पाय पसरून, चेहरा उजळलेला. तिच्या लग्नात वऱ्हाडाच्या गाड्या चिखलात कशा रुतल्या, ते ती सांगत होती. मांडीवर सूप होतं. सुपातले खडे ती दोन्ही हातांनी चाचपून वेचत होती. दोन्ही हातांनी. मधेच मूठभर दादर तिने जात्याच्या तोंडात सोडली, आणि पुन्हा दोन्ही हात सुपात घातले.

जातं फिरत होतं.

तिच्या समोर, जात्याच्या पलीकडे, ते काळं दावं बसायच्या चुंबळीसारखं गोल गुंडाळून ठेवलेलं होतं. ते खोल दबलेलं होतं.

रूपचंदने एकदा डोळे मिटून उघडले. जातं थांबलं होतं. खुंटा अजून जरासा थरथरत होता.

"कोन शे? जवाईबापू का?" म्हातारीने मान वर केली. "या ना, या. आम्ही तुमनंच बोली ऱ्हायनूत."

मागून सरलाबाई आली आणि आईला बिलगली. पाहता पाहता तिच्या लक्षात आलं, की आईच्या गालावर मांस चढलंय, केस विंचरलेले आहेत, पाठीवर वेणी घातलेली आहे. एवढी सुंदर वेणी तिने आईच्या पाठीवर बाप होता तेव्हाच पाहिली होती. ती रडली, हसली, पुन्हा रडली.

"माय, तुले काय व्हयनं? तू ते जवान व्हई गयी!"

"बोलाले माणूस शे ना आते," तापीबाई म्हणाली. "दिनभर ऐकस. कंटाळत नही. असं ऐकनारं माणूस माले जन्ममा नही भेटनं. बेटी, या आखाजीले तू येऊ नको."

"काब्र?"

"मीच येस ना तुन्हाकडे. एकली कशी येऊ, असं म्हनू ना मी? आते एकली कोठे शे? आम्ही दोन्हीजनी येसूत. तठेच ऱ्हासूत."

सरलाबाईने आनंदाने टाळी वाजवली. किती वर्षं ती या एका शब्दाची वाट पाहत होती! कोणती खोली झाडायची, कोणत्या गोधड्या काढायच्या, हे तिने तिथेच बसून ठरवायला घेतलं. दोन गोधड्या, ती म्हणाली. रूपचंदकडे तिने एकदा पाहिलं. ते पाहणं भित्रं नव्हतं. बाई आहे, सरकेल, असं ते होतं.

रूपचंद दावं आणायला आला होता. ते त्याच्यापासून दोन हातांवर होतं. वाकलं की हाती आलं असतं. त्याने सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतकं सुख त्याने त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. म्हातारीकडे सांगायला अजून किती गोष्टी शिल्लक असतील, याचा तो मनात अंदाज करू लागला. सत्तरीची बाई, बोलकी. आखाजीपर्यंत पुरतील. मग ब्राह्मणपुरीत सरलाबाई आहे, तीही बोलकी. मग तो.

"काय जवाईबापू, चूप कसाले?" तापीबाईने विचारलं. "तुमनी गाडीवर जागा शे ना?"

जमिनीवरचं दबलेलं दावं हळूहळू सैल होत वर आलं, कोणीतरी उठलं की चुंबळ येते तसं. मग बाहेर अंगणात, जिथे कोणी नव्हतं, तिथे स्प्रिंग वाजली.

सासूने विचारल्यावर जावयाने नाही म्हणायचं नसतं.

"शे ना, माय," रूपचंद म्हणाला, आणि चटकन, आठवेल ते, पुढे बोलायला लागला.